पान, साल आणि कातडी

कृष्णाकाठच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस घट्ट होत आला, की गुळव्या पोराटोरांना जवळ फिरकू देत नाही. उकळतं पाणी अंगावर सांडलं तर निदान ओघळून जातं. पाक मात्र चिकटतो आणि चिकटल्या जागी भाजत राहतो. पलूस तालुक्यात आग ही रोजच्या कामातली. गुऱ्हाळाचं चुलवाण, कुंडलच्या साखर कारखान्याची वाफ, तोडणीनंतर पेटवलेलं पाचट, घरातला स्टोव्ह. भाजलेल्या माणसाला आधी गावातला दवाखाना, मग सांगली नाहीतर मिरज. म्हणूनच जळिताच्या शल्यचिकित्सेचा आढावा इथून घेताना एक प्रश्न सुटत नाही: हे शास्त्र चुलीपर्यंत कितपत पोचलं?

उत्तर शोधताना ध्यानात येतं, की या विद्येची आपल्याकडची सगळ्यात कसदार कामं हाताशी असलेल्या वस्तूंतून झाली.

जळितानंतर कातडी बसवणाऱ्या प्लास्टिक सर्जरीची सुरुवातही तशीच आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवून दिलं. तो वीटकाम करणाऱ्या जातीतला होता, असं त्या वेळच्या वृत्तांतात म्हटलं आहे. १७९४ साली ही हकिगत लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. पुढे पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी जखमी सैनिकांचे चेहरे घडवले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया, जन्म हुबळीचा, १९२२ चा. इंग्लंडहून परतल्यावर ते पुण्याजवळ कोंढव्यात कुष्ठरुग्णांची बोटं आणि नाकं नीट करू लागले. नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. ‘प्लास्टिक’ म्हणजे श्रीमंतांची हौस, ही समजूत त्यांच्या कामाने खोडून काढली. पुढे तर ते शस्त्रक्रियेपलीकडे गेले आणि मांडव्याच्या परिसरातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागले.

जळीत वॉर्डातल्या डॉक्टरची नोकरी मात्र नुसती शस्त्रक्रियेची नसते. नायलॉनची साडी, वातीचा नाहीतर पंपाचा स्टोव्ह आणि अरुंद स्वयंपाकघर. कित्येक वर्षं वॉर्डात एकच वाक्य ऐकू यायचं: ‘स्टोव्ह भडकला.’ त्यातलं किती खरं, हे कातडी सोलवटलेल्या बाईच्या उशाशी बसलेल्या सासरच्या माणसांदेखत कळायचं नाही. जबाब देण्याइतकी ती शुद्धीवर आहे का, हे डॉक्टरच्या सहीने ठरायचं. हाताने मलमपट्टी करता करता कानाने असं ऐकत राहणं, हेही या पेशात येतं.

आणि मलमपट्टी ही तर रोजची यातना. कोरडी पट्टी जखमेला चिकटते. सोडवताना नव्याने धरलेली नाजूक त्वचा तिच्याबरोबर निघते. परळच्या वाडिया बालरुग्णालयातले डॉ. केसवानी यांनी यावर उकडलेल्या बटाट्याची साल शोधली. कापडी पट्टीवर साली चिकटवून केलेल्या या ड्रेसिंगबद्दल १९८५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलं. साल जखम ओलसर ठेवते आणि चिकटत नाही. मग शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. पंगतीत वाफाळता भात वाढला तरी मेणचट पानाला तो चिकटत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. तेच पान वाफेने निर्जंतुक करून त्यांनी जखमेवर ठेवलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पान बटाट्याच्या सालीइतकंच गुणकारी ठरलं, करायला सोपं आणि खर्चाला तर अकरा पटींनी स्वस्त. ज्या सरकारी रुग्णालयात कापूसही जपून वापरतात, तिथे हा हिशेब लहान नव्हे.

पण खोल जळिताला पान पुरत नाही, तिथे कातडीच हवी. २००० साली शीवलाच गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी उभी राहिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी आणि पाठीवरून पातळ थर काढतात. रक्तगट जुळवावा लागत नाही, देहही विद्रूप दिसत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा काही वर्षं टिकते. रोग्याच्या अंगावर ती कायमची रुजत नाही; काही आठवडे पांघरूण होते आणि तेवढ्यात माणूस तगतो. डोळे देणारी गावं आपल्याकडे आहेत. कातडी द्यायची म्हटलं, की अजून अंगावर काटा येतो.

जीव वाचल्यावर दुसरी लढाई. भरणारी जखम आकसते. हनुवटी छातीला ओढली जाते, बगल मिटते, बोटं तळव्यात वळतात. पाचर घालावी तशी कातडी घालून सांधे मोकळे करायचे, आणि लहान मूल असेल तर ते वाढेल तसं पुन्हा. आग मिनिटाची, डॉक्टर आणि रोगी एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात.

मात्र या सगळ्याआधीची वीस मिनिटं सर्जनची नसतातच. ती काहिलीशेजारच्या, चुलीजवळच्या, फटाक्यांपाशी उभ्या माणसाची असतात. भाजल्याजागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तेल नको. मग स्वच्छ फडकं आणि रुग्णालयाचा रस्ता. ज्यांनी केळीच्या पानात औषध पाहिलं, त्यांच्या विद्येची पहिली पायरी घागरीतच आहे. कृष्णाकाठी पाण्याची वाण नाही. यंदा अंगणात पणत्या मांडताना जवळ एक भरलेली बादली ठेवावी.