एका खाजगी खाजेची गोष्ट

समोर बॉस बसलाय, प्रेझेंटेशन ऐन रंगात आलंय आणि तुमचं सगळं लक्ष मात्र टेबलाखाली! हसू नका मंडळी. दोन वर्षं मी हेच केलं. कडुनिंबापासून लसणापर्यंत जे जे कुणी सांगितलं, ते ते लावून पाहिलं. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय अक्षरशः अंगाशी आलं, त्याचा हा प्रामाणिक हिशेब. (नाव छापायचं नाही, या अटीवरच लिहायला बसलोय. कारण वाचलंत की कळेलच!)

सुरुवात झाली २०२२ च्या पावसाळ्यात. वर्क फ्रॉम होमची ऐश संपली होती. सकाळी डोंबिवलीला फास्ट पकडायची, दादरला बदलायची, लोअर परळला उतरायचं. अंगावर पॉलिएस्टरची फॉर्मल पॅन्ट, आत टाईट लायक्राची चड्डी. वरून पाऊस, आतून घाम. ऑफिसात पोचलं की एसीत बसून सगळं अंगावरच वाळवायचं. जुलैच्या मध्यावर एक दिवस आंघोळ करताना जांघेत एक लाल चट्टा दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा, गोल. कडा उठलेल्या, मधला भाग जवळजवळ साफ. आणि खाज? बाप रे! दिवसभर सहन व्हायची, पण रात्री पंख्याखाली आडवं झालं की सुरू.

आता ही गोष्ट सांगायची कुणाला? डोकं दुखलं तर सगळ्या फ्लोअरला सांगता येतं. पाठ दुखली तर एचआर चांगली खुर्चीसुद्धा देतं. पण जांघेत खाज येते म्हटल्यावर समोरचा पहिल्यांदा हसतो आणि दुसऱ्यांदा दोन पावलं मागे सरकतो. म्हणून मी आईला सांगितलं, "जरा घामोळं आलंय." आईने ते सावंतवाडीच्या आजीला सांगितलं. आजीने फोनवरच निदान केलं, "नायटो असतलो रे तो. टाकळो वाटून लाव."

आजीचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं!

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

मग काय, मी नॅचरल उपायांच्या मागे लागलो. साइड इफेक्ट नाहीत, मेडिकलवाल्यासमोर लाजायला नको आणि खर्चही शून्य. सॉलिड फंडा!

पहिला नंबर कडुनिंबाचा. पाला उकळून त्या पाण्याने रोज धुवायचं. थंड वाटायचं, तासभर खाज कमी व्हायची. चट्टा मात्र जिथल्या तिथे. मग हळद आणि खोबरेल. त्याने दोन गोष्टी झाल्या. खाज थोडी कमी झाली आणि माझ्या सगळ्या पांढऱ्या चड्ड्या पिवळ्या झाल्या.

मग आजीचा टाकळा. कोकणातल्या लोकांना पावसाळ्यातली टाकळ्याची भाजी वेगळी सांगायला नको. संस्कृतात याचं नाव चक्रमर्द. चक्र म्हणजे तो गोल चट्टा आणि मर्द म्हणजे त्याला चिरडणारा. नुसतं नाव नाही हं, टाकळ्याच्या बियांमधली काही द्रव्यं नायट्याच्या बुरशीला रोखतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण प्रयोगशाळेतली काचेची बशी वेगळी आणि लोकलमध्ये घामाने डबडबलेली माझी जांघ वेगळी! मी ओला लेप लावून त्यावर चड्डी चढवायचो. म्हणजे ज्या बुरशीला ओल हवी असते, तिला मी रोज रात्री ताजी ओल पुरवत होतो.

सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे लसूण आणि लिंबू. ठेचून लावलं आणि पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी. कातडी भाजून निघाली. दोन दिवस ऑफिसात घोड्यावरून उतरल्यासारखा चालत होतो. "काल जिममध्ये लेग डे होता," असं सांगून वेळ मारून नेली.

टी ट्री ऑइलही आणलं. पुढे त्याविषयी वाचलं, तेव्हा एक गंमत कळली. ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये तळपायाच्या अशाच बुरशीवर त्याची चाचणी झाली होती. १० टक्के टी ट्री असलेल्या क्रीमने त्रास कमी झाला. पण बुरशी जाण्याच्या बाबतीत ते नुसत्या क्रीमपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणजे माझ्या बाबतीत झालं तेच! बरं वाटतं, पण बरं होत नाही.

आणि नॅचरल म्हणजे सौम्य, हाही आपला एक गैरसमज. आपल्या शेजारच्या गोव्याचंच उदाहरण घ्या. पोर्तुगीजांच्या काळात ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाची भुकटी गोव्यात यायची आणि नायट्यावर लावली जायची. ती 'गोवा पावडर' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. तिचा असर दांडगा होता, पण तितकीच ती कातडी चुरचुरवायची, डाग पाडायची आणि डोळ्यात गेली तर आणखी वेगळा ताप. शंभर टक्के झाडाची, तरीही!

ती जादूची ट्यूब

शेवटी वैतागून एक दिवस स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानात बायका नाहीत असं बघून हळूच म्हटलं, "खाजेसाठी काहीतरी द्या." त्याने मान वर न करता एक ट्यूब काउंटरवर ठेवली. किंमत शंभरच्या आत.

काय सांगू! दोन दिवसांत खाज गायब. आठवड्यात चट्टा फिका. मी मनातल्या मनात त्या मेडिकलवाल्याला नोबेल देऊन टाकलं. ट्यूब बंद केली, पंधरा दिवसांत चट्टा परत. पुन्हा ट्यूब. पुन्हा गायब. पुन्हा परत. असं वर्षभर चाललं. दर वेळी तो परत यायचा तेव्हा थोडी जास्त जागा घ्यायचा. जांघेतून मांडीवर, मांडीवरून मागे, मग कमरेवर. आता तो गोलही दिसत नव्हता, कसाही पसरला होता.

तरी मी डॉक्टरकडे गेलो नाही. का? लाज. दुसरं काही नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये माझं लग्न झालं.

"तुला काही सांगायचंय का?"

लग्नानंतर मी दिवा बंद केल्याशिवाय कपडे बदलत नव्हतो. बायकोला वाटायचं, लाजाळू आहे. हनिमूनला गोव्यात स्विमिंग पूलमध्ये उतरलो नाही, "क्लोरीनची अॅलर्जी आहे" म्हणून. एकूण मी जाम क्रिएटिव्ह झालो होतो.

२०२४ च्या जूनमध्ये एका रात्री ती म्हणाली, "तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तिने दिवा लावला आणि कमरेवरचा कपडा थोडा बाजूला केला. सलवारच्या नाडीखाली तीन लाल गोल. तेच. माझेच.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "मला वाटलं माझंच काहीतरी आहे. तुला कळलं तर तुला किळस येईल, म्हणून बोलले नाही. आज कपाटात तुझ्या तीन रिकाम्या ट्यूब सापडल्या." मग थोडं थांबून तिने विचारलं, "अरे, हे बाहेरून काही... तसलं तर नाही ना?"

तो प्रश्न मला अजून आठवतो. दोन महिने ती हा विचार डोक्यात घेऊन माझ्या शेजारी झोपत होती. आणि तिच्यापर्यंत ते पोचवणारा मीच! एकच टॉवेल, एकच बादलीत भिजलेले कपडे, एकच चादर.

त्या शनिवारी आम्ही दोघं स्किन स्पेशालिस्टकडे गेलो.

दहा मिनिटांत उलगडा

डॉक्टर मॅडमनी ना नाक मुरडलं, ना हसल्या. ब्लेडने चट्ट्याच्या कडेचा थोडा कोंडा खरवडला, काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. बुरशीच्या फांद्या! आजीचा 'नायटो'. कातडीतल्या केराटिनवर जगणारी बुरशी. बायकोच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. हे स्पर्शातून, टॉवेलमधून, कपड्यांतून पसरतं. नवरा-बायकोत एकाचं दुसऱ्याला होतं, पण त्यासाठी कुणी 'बाहेर' काही करायला लागत नाही.

मग मी ती ट्यूब दाखवली. मॅडम म्हणाल्या, "हीच खरी व्हिलन." त्यात बुरशीचं औषध होतं, पण सोबत जहाल स्टेरॉइडही. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, म्हणून जादू वाटते. पण त्याच वेळी तिथली प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आरामात पसरते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडची अशी १४ औषधं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मला मात्र एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नव्हती.

शिवाय बुरशीही पूर्वीची राहिलेली नाही. आपल्याकडे पसरलेल्या हट्टी प्रकाराला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं वेगळं नाव मिळालं. नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. म्हणून मित्राच्या गोळ्या मित्रालाच लखलाभ, आपल्या आपण डॉक्टरला विचारून घ्यायच्या.

दोघांनाही एकाच वेळी गोळ्या आणि साधं, स्टेरॉइड नसलेलं क्रीम सुरू झालं. ट्यूब बंद केल्यावर पहिले दहा दिवस खाज इतकी उसळली की पुन्हा मेडिकलकडे पाय वळत होते. बायकोने अडवलं. माझा कोर्स दोन महिने चालला, चट्टे गेल्यावरही पुढे दोन आठवडे.

एक गोष्ट घरात फार गाजली. मॅडमनी माझा कमरेचा काळा करदोटा काढायला लावला. तो कायम ओला राहतो आणि बुरशीला घर मिळतं. आई म्हणाली, "अरे, लहानपणापासून आहे तो!" मी म्हटलं, "आई, खाजही आता त्यातच राहते." आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही.

मग नॅचरल उपाय फुकट गेले?

नाही हो! फक्त मी चुकीच्या जागी त्यांच्यावर भरवसा टाकला. बुरशी मारायचं काम औषधाचं. ती परत येऊ न देण्याचं काम मात्र बरंचसं नॅचरल आहे. आमचा आजचा फॉर्म्युला असा :

• आंघोळीनंतर जांघ पूर्ण कोरडी करायची. मगच कपडे. पावसात भिजलात तर ऑफिसच्या बॅगेत एक सुकी चड्डी हवीच.
• सैल, सुती आतले कपडे. टाईट जीन्स पावसाळ्यापुरती रजेवर.
• कपडे गरम पाण्यात धुवायचे, उलटे करून उन्हात वाळवायचे. ऊन नसेल तर शिवणीवरून कडक इस्त्री.
• टॉवेल, साबण, चड्डी यात प्रेम दाखवायचं नाही. सगळं वेगवेगळं.
• बुरशी गेल्यावर कातडी कोरडी पडली, तर डॉक्टरांना विचारून थोडंसं खोबरेल. ओल्या चट्ट्यावर कुठलंही तेल किंवा लेप नाही.
• लसूण फोडणीत, लिंबू सरबतात, टाकळा ताटात!
• जांघेतला प्रत्येक चट्टा नायटाच असतो असं नाही. सोरायसिस, अॅलर्जी किंवा दुसरंही काही असू शकतं. वारंवार होत असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्या.

गेला अख्खा पावसाळा आमच्या दोघांकडे एकही चट्टा आला नाही. पण त्या ट्यूबने माझ्या मांड्यांवर आतल्या बाजूला पांढरट वळ सोडलेत, गरोदर बायकांच्या पोटावर असतात तसे. कातडी ताणून फाटल्याच्या त्या खुणा आता आयुष्यभर राहणार, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. कडुनिंबाने नाही, आजाराने नाही, मी गप्प बसलो त्याने त्या आल्या.

लग्नात एका मावशीने 'ती' आणि 'तो' असं भरतकाम केलेले दोन टॉवेल दिले होते. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. आता ते बाथरूममध्ये दोन वेगळ्या खुंट्यांवर टांगलेले असतात, आणि चुकून 'ती'ला हात लावला तर आतून आवाज येतो, "अरे, तुझा डावीकडचा!"