नाव धुवा, मगच पाण्यात उतरवा



अमेरिकेत उन्हाळा आला की पुष्कळ कुटुंबे मोटारीमागे ट्रेलरवर नाव बांधून शेकडो मैल निघतात.  पण नावेला चिकटून क्वागा नावाचा नखाएवढा शिंपलाही फिरतो. जानेवारी २००७ मध्ये तो कोलोरॅडो नदीवरील मीड जलाशयात सापडला. तो पाण्याचे नळ बुजवतो. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. नावेत उरलेल्या पाण्यातून ती दुसऱ्या तळ्यात जातात. म्हणून तिथे नाव धुऊन, पाणी काढून, कोरडी करूनच पुढे न्यायची असते. पश्चिमेकडील राज्यांत वाटेवर तपासणीही होते.

आपल्याकडे तणाचे बी असेच मळणीयंत्रातून गावोगाव जाते. तेव्हा भाड्याचे यंत्र आधीच्या शेतातच झाडून घ्या.