अदृश्य मालाचा वाजवी भाव

विद्यार्थी मित्रहो, शाळेसाठी शंभर बाके घ्यायची आहेत असे समजा. सुताराने सांगितलेला भाव वाजवी आहे की नाही, हे कसे ओळखाल? लाकूड किती लागले, मजुरी किती, वाहतूक किती, याचा हिशेब मांडता येतो. आता बाकांऐवजी शंभर संगणकांसाठी सॉफ्टवेअर घ्यायचे आहे. हाच हिशेब इथे चालेल का?

चालणार नाही. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची लांबलचक मालिका. ती लिहायला कुशल माणसांची वर्षे खर्ची पडतात, पण एकदा लिहून झाली की तिची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. समजा, एक सॉफ्टवेअर तयार करायला ५ कोटी रुपये लागले. त्याच्या १ लाख प्रती खपल्या, तर प्रत्येक प्रतीवर खर्चाचा वाटा पडतो ५०० रुपये. हजारच प्रती खपल्या, तर तोच वाटा ५० हजार रुपये! मग एका प्रतीची 'खरी' किंमत कोणती? मालाकडे पाहून ती सांगता येत नाही. म्हणूनच एकच विक्रेता एकाला एक भाव सांगतो आणि दुसऱ्याला निराळा.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच मिळत असे. १९६९ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. त्यानंतर सॉफ्टवेअर हा विक्रीचा स्वतंत्र माल म्हणून वाढत गेला. आणखी एक गंमत पाहा. पैसे भरून आपण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचे मालक होत नाही. आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि तोही अनेकदा ठरावीक मुदतीचा.

सरकार हे परवाने घेते ते करांतून जमलेल्या पैशातून. दुकानात वस्तू घेताना तुम्हीही त्यात भर घालता. म्हणूनच सरकारी खरेदीला नियमांचे कुंपण असते. त्या नियमांमागचे विचार कोणते, ते पाहू.

नाव नको, काम सांगा

आपल्या केंद्र सरकारची खरेदी 'सामान्य वित्तीय नियम २०१७' प्रमाणे चालते. निवडलेली किंमत वाजवी आहे आणि दर्जाला साजेशी आहे, याची खात्री खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याने करून घ्यावी, असे हे नियम सांगतात. गरजेचे वर्णन करताना विशिष्ट छाप किंवा व्यापारी नाव मागू नये, असेही ते बजावतात. 'अमुक कंपनीचेच हवे' असे लिहिले की स्पर्धा तिथेच संपते. 'पत्रे टंकित करता यावीत, मराठी अक्षरे नीट उमटावीत' असे लिहिले, की चार जण पुढे येतात. गुंतागुंतीच्या खरेदीत दोन लिफाफ्यांची पद्धत वापरतात. पहिल्या लिफाफ्यात मालाचे गुण, दुसऱ्यात किंमत. गुणांत जो उतरला, त्याचाच दुसरा लिफाफा उघडतात. त्यामुळे आकडा पाहून दर्जाकडे डोळेझाक होत नाही.

दुसऱ्याला काय भाव दिलात?

अमेरिकेत 'जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन' नावाचे खाते अनेक सरकारी कार्यालयांसाठी दर ठरवून ठेवते. ओरॅकल कंपनीशी त्याचा १९९८ ते २००६ असा करार होता. खासगी गिऱ्हाइकांना तुम्ही किती सूट देता, ते खरेपणाने सांगायचे, असे बंधन त्यात होते. कंपनीने मोठ्या सवलती दडवल्या, असा आरोप झाला. खटल्यात आरोप सिद्ध होण्याची वेळ आली नाही. २०११ साली कंपनीने १९ कोटी ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. मालाकडे पाहून किंमत कळत नसेल, तर इतरांनी काय मोजले हे कळणे किती मोलाचे आहे, ते यावरून दिसते.

आधी घरातले मोजा

२०१४ साली अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २४ मोठ्या खात्यांची पाहणी केली. आपल्याकडे कोणते परवाने आहेत याची परिपूर्ण यादी फक्त २ खात्यांकडे सापडली! मग २०१६ साली 'मेगाबाइट कायदा' झाला. परवान्यांवरील निदान ८० टक्के खर्चाचा हिशेब यादीत यावा आणि कोणता परवाना वापरात आहे ते पाहावे, असे त्याने खात्यांना सांगितले.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नसते. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या नासाचेच उदाहरण घ्या. तिच्या महानिरीक्षकांनी २०२३ साली अंदाज दिला, की नीट व्यवस्था असती तर सुमारे ३ कोटी ५० लाख डॉलर वाचू शकले असते. त्यांतले दीड कोटी न वापरलेल्या परवान्यांवर गेले होते आणि दोन कोटी दंडापोटी व जादा रकमांपोटी. परवाने जास्त घेतले तर पैसे वाया जातात, आणि घेतल्यापेक्षा जास्त वापरले तर दंड बसतो. दोन्हींवर उपाय एकच : मोजदाद.

परतीची वाट

आता थोडे गणित करू. 'अ' सॉफ्टवेअर १० लाखांना मिळते आणि दरवर्षी देखभालीचे ४ लाख लागतात. 'ब' ची किंमत १६ लाख, पण देखभाल वर्षाला २ लाख. पाच वर्षांत 'अ' वर ३० लाख जातात, 'ब' वर २६ लाख. म्हणजे आज स्वस्त दिसणारे महाग पडले! त्यातच पाच वर्षांची माहिती 'अ' मध्येच वाचता येईल अशा पद्धतीने साठवलेली असली, तर दुसरीकडे जाणेही अवघड. विक्रेत्याने भाव वाढवला तरी मान तुकवावी लागते.

यावर तोड म्हणजे माहिती सर्वांना वाचता येईल अशा खुल्या पद्धतीने साठवणे. भारत सरकारने २०१० साली खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. २०१५ च्या धोरणाने, ज्याचा मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो अशा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विचार प्रत्येक खरेदीत व्हावा, असे सांगितले. मुक्तस्रोत म्हणजे सर्वस्वी बिनखर्ची नव्हे. शिकवणे आणि दुरुस्ती यांना पैसे लागतातच. पण एका विक्रेत्याने सोडले तरी दुसरा ते काम हाती घेऊ शकतो. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक अशाच सॉफ्टवेअरवर चालतात.

तेव्हा मित्रहो, अदृश्य मालाचा भाव मालावर लिहिलेला नसतो. तो आपण किती चौकशी करतो, किती नीट मोजतो आणि निघून जाण्याची वाट किती मोकळी ठेवतो, यांवर ठरतो. तुमच्या शाळेत संगणक असतील, तर शिक्षकांच्या मदतीने एक तक्ता करा : संगणक किती, प्रत्येकावर कोणते सॉफ्टवेअर, परवाना कधी संपतो, आणि गेल्या महिन्यात ते किती दिवस वापरले? शेवटच्या रकान्यात शून्ये किती येतात, ते मोजून पाहा.