परसातलं तळं, मोजक्या पाण्याचं

लातूर-नांदेडकडच्या बऱ्याच घरांत मासे शोभेसाठी आलेच नाहीत, ते आले हौदात. टंचाईच्या वर्षांत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर हौद, ड्रम, रांजण काठोकाठ भरून ठेवावे लागतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यातून निघून उडायला उबेच्या दिवसांत साधारण तेवढाच वेळ लागतो. नळाची पाळी आणि डासाची पाळी अशी नेमकी जुळते. मग आरोग्य कर्मचारी बॅटरीच्या उजेडात हौद तपासतो, ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ म्हणून बजावतो आणि ज्याला हौद उपसणं परवडत नाही, त्याच्याकडे चार-दोन गप्पी मासे सोडून जातो.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. डासांवरचा उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आणला गेला. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, त्यामुळे चार मासे सोडले की काही महिन्यांत हौद भरतो. एक पूर्ण वाढलेला मासा दिवसाला ऐंशी-शंभर डासअळ्या सहज फस्त करतो. त्यांना बघत बसायची सवय घरातल्या पोरांना लागते, आणि परसात एखादं छोटं तळं करावं, त्यात कमळ लावावं, हा विचार पुष्कळदा तिथूनच सुरू होतो.

पण एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तळं म्हणजे पाण्याची चैन नव्हे काय? त्या गाडीच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं होतं. हा प्रश्न टाळून इथं तळ्याविषयी बोलता येत नाही. त्याचं उत्तर हिशेबातच शोधावं लागतं.

दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल तळं धरलं तर त्यात सव्वादोन हजार लिटर पाणी मावतं. मे महिन्यात मराठवाड्यातल्या उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटीमीटर खाली जाते. म्हणजे या तळ्यातून रोज तीसेक लिटर, दोन बादल्या पाणी उडून जातं. दुपारच्या उन्हाला हिरवी शेडनेट आणि वाऱ्याच्या बाजूला एखादं झुडूप असेल तर हा आकडा खाली येतो. दुसरीकडे, लातूर भागात वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर तेवढा पाऊस पडला तर चाळीस हजार लिटर पाणी होतं. पन्हाळीचा पाइप तळ्याकडे वळवला की जून-जुलैतल्या दोन-तीन दमदार सरींत तळं भरतं. पहिल्या सरीचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्यावं, त्यात गच्चीवरची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते.

खोली वाचवण्याच्या नादात मात्र कुणी पडू नये. फूटभर खोलीचं पसरट तळं मे महिन्यात दुपारी इतकं तापतं, की त्यात गप्पीसुद्धा तग धरत नाहीत. अडीच फुटांच्या तळ्यात तळाचं पाणी त्या मानानं थंड राहतं.

खोदताना आडवी येते ती काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि सिमेंटच्या टाकीलाही आपल्याबरोबर तडे पाडते. म्हणून इथं शेततळ्याला वापरतात तो पाचशे मायक्रॉनचा जाड प्लॅस्टिक कागद जास्त टिकतो. मोठ्या कामातून उरलेला तुकडाही परसातल्या तळ्याला पुरतो. खाली वाळूचा थर द्यायचा, कडा विटा-दगडांखाली दाबायच्या, उघडा कागद उन्हात राहू द्यायचा नाही. सिमेंटचाच हौद असेल तर नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो. असा हौद केळीचे खुंट टाकून आठवडाभर भरून ठेवतात, मग उपसतात, आणि पाणी निवळेपर्यंत हे दोन-तीनदा करतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि गावाकडच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली असते. दोन्ही माशांच्या कल्ल्यांना जाळतात. पाणी उघड्या टबात एक दिवस उन्हात ठेवलं की बहुतेक क्लोरीन उडून जातो. बोअरच्या पाण्याची अडचण वेगळी. बेसाल्ट खडकातून येणारं हे पाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तो त्यातल्याच क्षारांचा. तळ्यातलं पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागेच राहतात. त्यात पुन्हा बोअरचंच पाणी ओतत राहिलं तर उन्हाळाभरात तळं खारावत जातं. म्हणून नुसती भर घालून भागत नाही. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून नवं घालावं लागतं. काढलेलं पाणी वाया जात नाही. माशांच्या विष्ठेतून आलेला नायट्रेट त्यात असतो, आणि कढीपत्ता, पपई, शेवगा यांना ते खताचं पाणी मानवतं.

नवं तळं भरलं आणि त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडले, तर आठवड्याभरात एकेक मासा वर तरंगायला लागतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तळ्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण त्यांची वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या अल्कलीधर्मी, गरम पाण्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो. तेव्हा आधी वनस्पती, मग दोन-चार गप्पी, आणि महिन्या-दीड महिन्यानंतर बाकीचे मासे, हा क्रम मोडू नये. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच घालावं. पोळीचे तुकडे आणि भात तर घालूच नये. ते तळाशी कुजतात.

माशांचा सगळ्यात अवघड वेळ भर दुपारचा असं वाटतं, पण तो असतो पहाटेचा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो जेमतेम ७ पर्यंत उतरतो. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू देतात, रात्री तीच तो घेतात. रात्र सरता सरता साठा तळाला जातो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की मगानं पाणी उंचावरून ओतावं किंवा छोटा पंप लावून कारंजं सुरू करावं. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे हे हमखास घडतं.

कमळासाठी रोपवाटिकेतच जायला हवं असं नाही. पूजेच्या दुकानात कमळगट्टा मिळतो, तो कमळाचंच बी आहे. त्याचं कवच इतकं कठीण असतं, की नुसतं भिजवून काही होत नाही. एका टोकाला काचकागदानं आतला पिवळसर गर दिसेपर्यंत घासायचं आणि ग्लासभर पाण्यात ठेवायचं. पाणी रोज बदललं की चार-सात दिवसांत हिरवा कोंब बाहेर पडतो. भाजलेलं किंवा उकडलेलं बी मात्र उगवत नाही. या बियांची चिवटाई अशी, की चीनमधल्या एका आटलेल्या सरोवराच्या गाळात सापडलेलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं बी उगवल्याची नोंद १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. रोपाला चार पानं आली की पसरट, बिनछिद्राच्या घमेल्यात काळी माती आणि जुनं कुजलेलं शेणखत भरून लावावं, वर वाळूचा थर द्यावा. ताजं शेण घातलं तर पाणी नासतं. रोज पाच-सहा तास ऊन हवंच. जागा लहान असेल तर कमळापेक्षा कुमुद बरं. काठाला वेखंड, ब्राह्मी आणि कर्दळ चांगली धरतात. पानांनी निम्मं-अधिक पाणी झाकलं की ते थंड राहतं आणि हिरवं शेवाळही आटोक्यात येतं.

पाहुणेही येतात. खंड्या आणि ढोकरी मासे उचलतात, पाण्यावर ताणलेली जाळी त्यांना आवरते. दिवड दिसली तर काठी शोधू नये, ती बिनविषारी आहे. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, पण गप्पीची पिल्लंही सोडत नाहीत. डास तळ्याबाहेरही आवरावे लागतात. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत जिरवलं आणि डासांना जागाच ठेवली नाही. तळं करणाऱ्यानंही ओसंडणारं पाणी अशाच खड्ड्यात सोडावं. माशांनी भरलेलं तळं डास वाढू देत नाही, शेजारचं डबकं वाढवतं.

शेततळ्यात कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात वाढवतात. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचा विषयच तो. पण हे किलोत मोजायचे मासे, परसात ते मावत नाहीत. कोईही दीड-दोन फूट वाढतो. टाकीची काच चाटतो म्हणून आणलेला सकरमाउथ तर मोठा झाला की लोकांना नकोसा होतो आणि नदीत सोडला जातो. ते कधीच करू नये. गोदावरीला वेढणारी जलपर्णीही फुलं सुंदर म्हणूनच परदेशातून आणलेली वनस्पती आहे. वाढलेले गप्पी शेजाऱ्याच्या हौदाला किंवा आरोग्य केंद्राच्या पैदास टाकीला द्यावेत. तळ्यावर पसरलेला अझोला गोठ्यातल्या म्हशीला घालावा, आणि जलपर्णी सापडलीच तर उन्हात वाळवून खतखड्ड्यात टाकावी.