शरदाचे शब्द

इंदूरच्या आमच्या घरांतील मुले 'शरद म्हणजे पानगळ' असे सांगू लागली, तेव्हा आम्हांस वाईट वाटले. 'ऑटम'च्या भाषांतराने केलेला हा घोटाळा! पानगळ शिशिराची, आपला शरद आश्विन-कार्तिकाचा. माळव्यात तेव्हा सोयाबीनची कापणी होते, दुपारी ऊन चटके देते, पण नद्यांचे गढूळ पाणी निवळते. 'निवळणे' हे क्रियापद पाण्याला, आभाळाला आणि मनालाही चालते. शेजारच्या हिंदीने आश्विनाला दिलेले 'क्वार' हे नावही आम्ही आपलेच मानले आहे. चांदणे आमच्या आजीच्या तोंडी कधी 'पिठूर', कधी 'टिपूर' असे. यंदा कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत मुलांना हेच शब्द ऐकवायचे ठरविले आहे. पाहू, धाकटी 'टिपूर' म्हणते की 'मूनलाइट'!