दहा बाय दहाच्या खोलीत संबळ

तुळजापूरच्या एका गोंधळी मित्राने घरीच संबळाचं रेकॉर्डिंग केलं. हात सुरेख, पण आवाज नुसता घुमत होता. भिंतीभर अंड्यांचे ट्रे!

मंडळी, हे ट्रे लावू नका. कागदाचा पातळ लगदा वरचे स्वर थोडे शोषतो, बस्स. खर्जाला तो अडवत नाही, शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या आवाजालाही नाही.

खरी अडचण खोलीच्या मापात आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज फुगतो. खोली चौरस असली की दोन्ही बाजूंनी तोच स्वर फुगतो.

हे खालचे स्वर कोपऱ्यांत साठतात, म्हणून आधी कोपरे. लाकडी चौकटीत ४ इंच जाड रॉकवूल, वर सुती कापड, की झालं पॅनल. भिंतीपासून थोडं अंतर ठेवलं तर खालचे स्वर जास्त शोषले जातात. काम करताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

मग ऐकायच्या खुर्चीत बसा, कुणाला तरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. स्पीकर दिसेल तिथे पुढचं पॅनल.

तेवढेही पैसे नसतील तर गायकाच्या पाठीमागे आजीची जाड वाकळ दुहेरी टांगा. गळ्याच्या आवाजात फरक लगेच कळतो.

खोलीची लांबी, रुंदी, उंची लिहा. पॅनल कुठे लावायचे ते सांगतो.