पाहुण्यांच्या शहरातले रोजेदार

रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान आणि निरोगी मुसलमानावर फर्ज आहेत. पण प्रवाशाला त्यातून सवलत आहे. मुसाफिराने रोजा ठेवला नाही तरी चालते. घरी परतल्यावर तेवढे रोजे त्याने भरून काढायचे. मग मुसाफिर कोण आणि मुकीम, म्हणजे रहिवासी कोण? इस्लामी धर्मशास्त्राने याचे उत्तर दिवस मोजून दिले आहे. हनफी मताप्रमाणे एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त राहण्याचा इरादा असला, की माणूस तिथला मुकीम झाला. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई. त्यांच्याकडे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस पुरतात.

हा हिशेब दुबईला लावून पाहिला, की वाळवंटाच्या काठावरचे ते शहर वेगळेच दिसू लागते.

दुबई पाहुण्यांवर जगते. एकेकाळी तिथे मोती काढत. १९३०च्या दशकात जपानी कल्चर मोत्यांनी तो धंदा बसवला. १९६६ साली तेल सापडले, पण ते शेजारच्या अबुधाबीइतके नव्हते. म्हणून बंदर, विमानतळ, बाजारपेठ आणि हॉटेले उभी राहिली. २०२३ साली त्या शहरात १ कोटी ७१ लाख परदेशी पाहुणे मुक्कामाला आले. शहराची स्वतःची वस्ती तेव्हा साडेछत्तीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे घरच्या एका माणसामागे चार-पाच पाहुणे!

रमजानमध्येही या पाहुण्याची गैरसोय होत नाही. पूर्वी दिवसा सुरू असलेल्या रेस्टॉरंटांना पडदे लावावे लागत. २०२१पासून दुबईने ती अट काढून टाकली. संध्याकाळी इफ्तारची तोफ उडते. १९६०च्या दशकापासून चालत आलेली ही प्रथा दुबई पोलीस सांभाळतात, आणि ती पाहायला सर्व धर्मांची माणसे मुलाबाळांसह जमतात. हॉटेलांच्या तंबूंत हरीस, लुकैमात आणि व्हिम्टो सरबत यांची रेलचेल असते. ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाची तर बातच वेगळी. उंचावरून सूर्य जास्त वेळ दिसतो. म्हणून ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि १५०व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा, असा निर्वाळा २०११ साली तिथल्या मुफ्तींनी दिला.

चार रात्रींचे पॅकेज घेऊन गेलेला मुसलमान पर्यटक हे सगळे पाहतो आणि धर्मानेच दिलेल्या सवलतीत बसतो. त्याचा रोजा थांबू शकतो.

पण हे शहर चालवणारे कोण? तिथल्या वस्तीत सुमारे नव्वद टक्के लोक परदेशी आहेत. त्यात रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठचे आपले लोकही आले. कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून फिरला. त्याची मुले-नातवंडे वेल्डर, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर, क्लार्क होऊन आखातात उतरली. १९६६पर्यंत तर तिथल्या बाजारात रुपयाच चालत असे. आज त्यांतले बरेच जण ‘बॅचलर’ म्हणून राहतात. आखातात या शब्दाचा अर्थ अविवाहित नव्हे, तर कुटुंब गावी ठेवून आलेला पुरुष. बायको-मुलांना आणायचे तर पगार किमान ४००० दिरहॅम हवा, किंवा राहण्याच्या सोयीसह ३०००. ज्याला तेवढा मिळत नाही तो ‘बेडस्पेस’ घेतो, म्हणजे एका खोलीतली फक्त खाट.

या माणसाला सवलत नाही. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली, की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचे. सरकारी कागदावर तो वीस वर्षांनंतरही पाहुणाच. पण राहण्याच्या इराद्याने तो तिथे पोहोचला, तेव्हापासूनच धर्माने त्याला तिथला रहिवासी मानले आहे, आणि रोजा त्याला ठेवायचाच आहे. रमजानमध्ये कामाचे दोन तास कमी होतात, तेही सर्व धर्मांच्या कामगारांसाठी. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने महिना ऋतूंमधून फिरत राहतो. २०१५ साली तो १८ जूनला सुरू झाला होता. तेव्हा जवळपास पंधरा तासांचा रोजा होता. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम कायद्याने बंद असते. ती सुट्टी सोडून उरलेले तास मात्र उन्हातच.

अशा माणसासाठी संध्याकाळी मशिदीबाहेर तंबू पडतो. जमिनीवर लांबच लांब पथारी, पुढ्यात खजूर, पाणी, ताक, फळ आणि बिर्याणी. शेजारी कोण बसला आहे, मल्याळी की बंगाली, पठाण की नेपाळी, हे कुणी विचारत नाही. रोजा आहे का, हेही विचारत नाही. जबल अलीला २०१२ साली उभ्या राहिलेल्या गुरुद्वारातही रमजानमध्ये इफ्तार झाल्या आहेत; तिथून जवळच २०२२ साली हिंदू मंदिर उघडले. घरापासून दूर असलेल्या माणसांनी एकमेकांचे सण असे वाटून घेतले आहेत.

ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो. जकात मालाच्या मागे जाते, फित्रा माणसाच्या मागे, असे जुने जाणकार सांगत. महिना संपताना माणूस जिथे असेल तिथल्या गरिबाचा त्यावर पहिला हक्क. म्हणून गावी दरमहा पैसे पाठवणारा कोकणी माणूसही आपला फित्रा बहुधा दुबईतच देतो. इथेही त्याला तिथलाच धरले आहे.

शेवटी एक दिवस तो परततो. तिथे पेन्शन नाही. मिळते ती ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे वर्षाला ३० दिवसांचा. तेवढ्यावर घराची कौले किंवा मुलीचे लग्न, यांपैकी एक काहीतरी होते.

रमजानमध्ये दुबईला जाणार असाल, तर उंच इमारती जरूर पाहा. पण एक संध्याकाळ बर दुबईसाठी ठेवा. एक दिरहॅम देऊन अब्रा होडीतून खाडी ओलांडा आणि देराच्या एखाद्या मशिदीपाशी मगरिबच्या आधी थांबा. पथारीवर बसलेल्यांत एखादा म्हसळ्याचा किंवा मंडणगडचा निघेल. मराठीत नुसते ‘कुठले तुम्ही?’ विचारा. खजुराची वाटी तो आधी तुमच्यापुढे करील. तुम्ही पाहुणे आहात, आणि त्या घडीला त्या शहराचा यजमान तो आहे.